गिटार : ताई

चिमट्यातला स्क्रू निसटून टेबलाखाली गेला आणि तो शोधायला ती वाकलीसुद्धा नाही. चष्म्याच्या दुकानात इतकी वर्षं काढलेल्या बाईच्या हातून एक तर स्क्रू सुटत नाही, आणि सुटलाच तर तो सापडेपर्यंत तिला चैन पडत नाही. पण कोपऱ्यातल्या रेडिओवर तिच्याच बँडचं गाणं लागलं होतं. चार जणांचा बँड, नाव ‘ओले मोजे’. पाठीशी कुणी कंपनी नाही, कुणाचा वशिला नाही, आणि वर्षानुवर्षं एका मागच्या खोलीत डोकी फोडल्यावर कालच पहिला अल्बम बाहेर पडलेला. गाणारा तिचा धाकटा भाऊ, गिटार तिची. अल्बम तिनं अजून ऐकला नव्हता, कारण चौघांचं ठरलं होतं की रविवारी सगळ्यांनी खोलीवर जमायचं आणि पहिल्यांदा ऐकायचं ते एकत्रच. आईच्या खुब्याचं ऑपरेशन झाल्यापासून ती दुकान आणि दवाखाना एवढंच करत होती, शेवटची जुळवाजुळव बाकीच्यांनी उरकली होती, आणि ही वेडी शब्द पाळत बसली होती. आता रेडिओवाल्यानंच लावलं म्हटल्यावर ती काय करणार? कान काही चष्म्यासारखे काढून ठेवता येत नाहीत. गाणं होतं ‘जिना’. भावाचा आवाज आला, पहिलं कडवं गेलं, दुसरं गेलं, आणि मग गिटार एकटीच पुढे येते ती जागा आली. तिची स्वतःची जागा. ती कान देऊन उभी राहिली आणि पहिल्या दोन सुरांतच तिला कळलं की हे वाजवणारा हात आपला नाही.

सूर तेच होते, बरं का. एकही इकडचा तिकडे नव्हता. पण तिच्या डाव्या हाताच्या अनामिकेचं टोक बधिर आहे. नोकरीला लागली त्याच वर्षी काचेची धार लागून संवेदना गेलेलं ते टोक, तिथं आजही टाचणी टोचली तरी कळत नाही. तारेवर ते बोट नेमकं कुठं पडलं हे तिला बोट सांगतच नाही, म्हणून ती ते मुद्दाम थोडं अलीकडे टेकवते आणि कानानं अंदाज घेत वर सरकवते. तिच्या प्रत्येक लांबलेल्या सुराच्या आधी एक बारीक खरखर असते, ती ह्यामुळे. सुरुवातीला तिला त्याची लाज वाटायची, मग ती सवय झाली, आणि ‘जिना’ सुचलं तेव्हा ती खरखर म्हणजेच गाणं झालं. रेडिओवरच्या माणसानं बोट नेमकं ठेवलं होतं आणि नेमकं उचललं होतं. कडक इस्त्री केलेलं सगळं. तेवढ्यात मालक गिऱ्हाइकाला म्हणाले, “ही गिटार ऐकताय ना? आमची हीच वाजवते. पहिला अल्बम आलाय त्यांचा, आहात कुठं!” समोरचे गृहस्थ नाकावरचा नवा चष्मा दोन बोटांनी सावरत तिच्याकडे बघून म्हणाले, “अरे वा! काय सफाई आहे हो हातात.” आणि ती हसली. थँक यू म्हणाली. तोंड आपलं आपणच हसून मोकळं झालं आणि तिला विचारलंसुद्धा नाही. पुढे कितीतरी दिवस तिला सगळ्यांत जास्त राग आला तो त्या हसण्याचा.

“जरा जाऊन येते,” एवढंच मालकांना सांगून ती बाहेर पडली. ऊन मी मी म्हणत होतं. चपलेचा बंद टाचेला घासत होता आणि आज त्या घासण्याचासुद्धा तिला राग येत होता. फोन करावा का? नको. फोनवर भाऊ ‘अगं ऐक तरी’ म्हणतो आणि मग ऐकत बसावं लागतं. ती चालता चालता पुन्हा पुन्हा ती जागा मनात वाजवत होती, आधी तिची, मग त्या माणसाची, आणि दर वेळी त्या माणसाची जास्त स्पष्ट ऐकू येत होती, हे तर अतीच झालं. एकदाच ऐकलेलं मेलं डोक्यात घर करून बसलं आणि वर्षानुवर्षं वाजवलेलं आठवावं लागत होतं. कोण असेल तो? त्याला काय माहीत असणार त्या जिन्याचं? वर बंद दारामागे आईवडिलांची जुंपलेली असायची आणि खाली पायरीवर ती बसलेली असायची, मांडीवर धाकटा, त्याचे कान तिच्या तळहातांखाली. ती त्याच्या केसांत तोंड खुपसून गुणगुणायची. काही तरी, कसलं तरी. वरचा आवाज चढला की तिचं गुणगुणणंही खालून घासत वर चढायचं, त्याला वरचं ऐकू जाऊ नये म्हणून, आणि शिवाय रडू गिळताना आवाज तसाच निघतो म्हणून. मग एक दिवस वडील बॅग घेऊन उतरले तेव्हा दोघांनी पायरीवर अंग चोरून त्यांना जायला वाट करून दिली. त्यांनी जाताना धाकट्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि तिच्याकडे बघितलं नाही. हे सगळं तिनं कुणाला सांगितलेलं नव्हतं, पण धाकट्याला सांगायची गरजच कुठं होती? एका संध्याकाळी खोलीवर ती नुसती तारांशी चाळा करत बसली होती, तेव्हा तोच वळून म्हणाला होता, “हे परत वाजव.” शब्द त्यानंच बसवले. म्हणजे त्याला माहीत होतं. त्याला सगळं माहीत होतं आणि तरी त्यानं ती जागा दुसऱ्याला दिली.

आणि ते ‘ताई’! तिला आता तेही आठवून संताप येऊ लागला. धाकट्याची ती ताई, ठीक आहे, जन्मानंच आहे. पण ड्रम वाजवणाऱ्या मास्तरची ती ताई कधीपासून झाली? मास्तर शाळेत पोहायला शिकवतो, वयानं तिच्याहून मोठा आहे, केस पिकलेत, आणि म्हणतो ताई. बास वाजवणारा मौनी, जो दिवसाकाठी चार वाक्यं बोलतो, त्यांतलं एक ‘ताई, चहा आहे का’ असतं. ताई, चावी तुझ्याकडेच ना. ताई, खोलीच्या भाड्याचं मावशींशी तूच बोल. ताई म्हटलं की झालं, ताईशी भांडायचं नाही, ताईला दुखवायचं नाही, ताईपासून लपवायचं. ह्या मानापेक्षा चारचौघांसारखं तोंडावर भांडले असते तर तिला बरं वाटलं असतं.

खोली घरमालकीण मावशींच्या दुधाच्या दुकानाच्या मागे होती. दोन भिंतींना जुन्या गाद्या उभ्या केलेल्या, खिडकीला पुठ्ठा, आणि कोपऱ्यात मावशींचा अगडबंब फ्रीज, जो बंद करायची सोय नव्हती कारण दुसऱ्या दिवशीचा माल त्यात असे. तिघंही तिथं होते. तिला दारात बघून भाऊ म्हणाला, “तू? दुकान सुटलं इतक्यात?”

“‘जिन्या’त गिटार कुणी वाजवलीय?”

मास्तरनं काठ्या मांडीवर ठेवल्या. मौनीनं खाली बघितलं. भाऊ आधी दचकला, आणि मग काय म्हणावं त्यानं? म्हणाला, “तू ऐकलंस? अगं, आपलं रविवारचं ठरलं होतं ना!”

“वा रे वा! म्हणजे शब्द मी मोडला? रेडिओवर लागलं. मी काय कानांत बोळे घालून बसू? आणि तुम्ही नाही ऐकलंत अजून? तिघांनीही? मास्तर, तुम्ही सांगा.”

मास्तर म्हणाला, “ताई, तू आधी बस.”

“मी बसणार नाही.”

मग हळूहळू बाहेर आलं सगळं. दोष म्हणे फ्रीजचा होता. झालं होतं असं की सूर जुळवायचं यंत्र फार पूर्वी मास्तरच्या हातून चहात पडलं, आणि नवं आणायचं आणायचं म्हणून राहून गेलं. फ्रीज दिवसभर एकाच सुरात घूं करायचा, तेव्हा चौघांनी त्याच्याशीच तारा जुळवायला सुरुवात केली. आधी गंमत म्हणून, मग रीत म्हणून. कुणी बाहेरचा आला की अभिमानानं सांगायचेसुद्धा. आपापसांत सगळं जुळलेलं, मग कळणार कुणाला? पण फ्रीजचा घूं कुठल्याच धड सुरावर नव्हता, दोन सुरांच्या मधे कुठं तरी लटकलेला, आणि अल्बमचं रेकॉर्डिंगसुद्धा ह्या शहाण्यांनी इथूनच तारा जुळवून नेऊन केलं होतं. नंतर रेकॉर्डिंगवाल्यानं गाण्यामागे पियानो आणि व्हायोलिनं घालायची म्हटली तेव्हा सगळंच एकमेकांना चावायला लागलं. म्हणून परत करावं लागलं. भावानं परत गायलं. मौनीनं परत वाजवलं.

“केव्हा?”

“तू दवाखान्यात होतीस तेव्हा. आईचं ऑपरेशन, तुझी धावपळ...”

“मौनीला किती वेळ लागला परत वाजवायला?”

शेवटी मौनीच म्हणाला, “एक दुपार.”

“एक दुपार! माझ्याकडे एक दुपार नव्हती? अरे, तू आईजवळ बसला असतास आणि मी गेले असते. तुझी पण आईच आहे ना ती?” तिचा आवाज चिरकला आणि तो चिरकल्याचा तिला आणखी राग आला. “खरं बोल. वेळेचं सांगू नकोस मला.”

भाऊ गादीवरचा धागा ओढत राहिला. लहानपणी खोटं सापडलं की असाच काही तरी उसवत बसायचा. “तो म्हणाला... रेकॉर्डिंगवाला. की बाकी सगळं छान आहे, पण गिटारमधे सफाई नाही. खरखर येते. त्याच्या ओळखीचा एक जण होता, त्यानं एका बैठकीत सगळी गाणी वाजवून टाकली.”

“सगळी?”

“सगळी.”

एवढा वेळ तिला वाटत होतं की एकच गाणं गेलं. ती खाली बसली नाही, पण फ्रीजला टेकली.

“तो म्हणाला,” ती म्हणाली. “आणि तू काय म्हणालास?”

“मी काय म्हणणार?”

“हे माझ्या बहिणीचं आहे, असं म्हणायचं! ती तशीच वाजवते, तसंच आहे ते, असं म्हणायचं! तोंड नव्हतं तुला? स्टेजवर तर थांबत नाही!”

“तू चिडली असतीस म्हणून सांगितलं नाही ग. अल्बमच्या भल्यासाठीच केलं ना सगळं.”

“मी म्हटलं होतं सांगा म्हणून,” मौनी पुटपुटला.

“कुणाला म्हटलं होतंस? मला म्हणालास का? मग गप्प बस. तेवढंच जमतं तुला.” हे बोलून तिला वाईट वाटलं, कारण तिघांत बरा तोच होता. पण शब्द परत घ्यावा इतकं काही वाईट वाटलं नाही.

मास्तरनं सारवासारव करायची म्हणून कोपऱ्यातलं खोकं उघडलं. अल्बमची छापून आलेली पाकिटं होती, दोरीवर वाळत घातलेल्या मोज्यांचं चित्र असलेली. “हे बघ ना ताई, तुझं नाव तर आहे की.” तिनं उलटून मागे पाहिलं. भावाचं पूर्ण नाव होतं. मास्तरचं आडनावासकट होतं. मौनीचंसुद्धा खरं नाव होतं, जे तिनंही क्वचित ऐकलं होतं. आणि शेवटी होतं, ‘गिटार : ताई’. “प्रेमानं टाकलं ग तसं,” भाऊ म्हणाला, “सगळ्यांची ताईच आहेस ना.” तिनं पाकीट परत खोक्यात ठेवलं, नीट, इतर पाकिटांच्या ओळीत. वाजवणारा तिऱ्हाईत, नाव तिचं, आणि तेही नाव नव्हेच. आता ह्यावर चिडायचं तरी कुठून सुरू करायचं? चिडायलासुद्धा एक टोक लागतं हाताशी.

पण अजून बाकी होतंच. पुढच्या शनिवारी अल्बमचा कार्यक्रम होता, एका वाचनालयाच्या सभागृहात, आणि लोक रेडिओवर ऐकलंय तेच ऐकायला येणार होते. “म्हणून त्या गिटारवाल्यानं,” भाऊ फोन पुढे करत म्हणाला, आणि पुढचं बोलताना त्याचीच जीभ अडखळली, “त्यानं स्वतःहून व्हिडिओ पाठवलाय. तुझ्यासाठी. सगळी गाणी हळूहळू वाजवून दाखवलीयत, बोटं कशी ठेवायची ते. चांगला आहे ग माणूस.”

ती म्हणाली, “वाजवीन. पण माझी एक अट आहे. ‘जिना’ सुरू करायच्या आधी तू माईकवर सांगायचंस की अल्बममधे हे ताईनं वाजवलेलं नाही.”

“लोक हसतील ताई.”

“हसू देत.”

“बघू,” तो म्हणाला. त्याचं ‘बघू’ म्हणजे काय हे तिला त्याला दात यायच्या आधीपासून माहीत होतं.

रविवारी ऐकायला कुणीच बसलं नाही. तिनं तो व्हिडिओ दवाखान्यातून घरी आलेल्या आईच्या खाटेशेजारी स्टुलावर बसून पाहिला. पडद्यावर चेहरा नव्हता, नुसते दोन हात, स्वच्छ नखांचे, आणि मधेच एक नम्र आवाज, “इथं जरा बोट उभं ठेवा, मॅडम, म्हणजे घासणार नाही.” मॅडम! तिच्याच गाण्याची तिला शिकवणी. तिनं गिटार मांडीवर घेतली, त्या हातांमागून ‘जिना’ दोनदा वाजवलं, आणि तिसऱ्यांदा आलंच की. अनामिका टाळून करंगळी वापरली की झालं. त्यात होतंच काय? ते इतकं सोपं निघालं ह्यानं तिचं डोकं जास्त फिरलं. अवघड असतं तर निदान हरल्यासारखं तरी वाटलं असतं. आई डोळे मिटून पडली होती, ती म्हणाली, “छान वाजतंय हो आज. एरवी तुझं जरा रडकं असतं.” आईला काय बोलणार? ती उठली, आईची उशी सारखी केली, पाण्याचा पेला हाताशी ठेवला आणि न्हाणीघरात जाऊन नळ सोडून उभी राहिली. रडली नाही. रडणं म्हणजे त्यांनी केलं ते दुःखाचं काही आहे असं कबूल करण्यासारखं झालं असतं, आणि हे दुःख नव्हतं, हा अन्याय होता. दुःख असलं की लोक डोक्यावरून हात फिरवतात आणि घरी जातात. तिला हात फिरवून घ्यायचा नव्हता. तिला कुणी तरी एकदा, मोठ्यानं, चारचौघांत, हे तिचं नाही आणि जे तिचं होतं ते काढून टाकलं, एवढं म्हणायला हवं होतं.

शनिवारी संध्याकाळी सभागृह भरलं. पुस्तकांची कपाटं भिंतीला सरकवून खुर्च्या मांडल्या होत्या, मागे लोक उभे होते. भावानं नवा शर्ट घातला होता आणि नवं सूर जुळवायचं यंत्र आणलं होतं, तेही तिच्या हातात अगदी नजराणा दिल्यासारखं अदबीनं दिलं. तिनं गुपचूप तारा जुळवल्या. पहिली गाणी तिनं व्हिडिओबरहुकूम वाजवली. लोक टाळ्या देत होते, मास्तर घामानं निथळत खुशीत हसत होता. मग भाऊ माईकजवळ आला. तिनं त्याच्या पाठीकडे बघितलं. तो घुटमळला, हे खरं. एक क्षणभर घुटमळला. आणि म्हणाला, “आता ‘जिना’. आणि ह्यात गिटारवर, तुम्ही रेडिओवर ऐकलीच असेल, आमची ताई!”

टाळ्यांचा कडकडाट झाला. तो थांबायच्या आत ती आपल्या जागेवरून निघून माईकशी आली. भाऊ बाजूला झाला, दुसरं करणार काय? “अल्बममधली गिटार मी वाजवलेली नाही,” ती म्हणाली. “एकाही गाण्यात नाही. दुसऱ्याच माणसानं वाजवलीय. मला न विचारता.”

पहिल्या रांगेत कुणी तरी हसलं. मग दुसरं. निवेदन करणाऱ्या बाई कडेला उभ्या होत्या, त्या हातातल्या माईकवर लडिवाळपणे म्हणाल्या, “बघा! म्हणजे किती विनय असावा माणसात!” सगळं सभागृह हसलं आणि पुन्हा टाळ्या, आधीच्यापेक्षा मोठ्या. ती तोंड उघडून उभी राहिली. हे तिनं हिशेबात धरलंच नव्हतं. त्यांना राग येईल, कुजबूज होईल, भाऊ तोंडघशी पडेल, सगळ्याची तिनं तयारी केली होती, पण खरं सांगितल्याबद्दल कौतुक होईल ह्याची नाही. मागून भाऊ दबक्या आवाजात म्हणाला, “झालं ना तुझं? चल, वाजव आता.” त्याच्या आवाजात सुटका होती. सुटल्यासारखा हसत होता तो.

ती जागेवर गेली. गाणं सुरू झालं. पहिलं कडवं गेलं, दुसरं गेलं, मास्तरनं काठ्या हलक्या केल्या आणि तिची वेळ आली. तिनं अनामिका टेकवली, अलीकडे, जिथं टेकवायची तिथं, आणि घासत वर नेली. मोठ्या कर्ण्यांतून ती खरखर सगळ्या सभागृहभर झाली. कुणी तरी कपाळाला आठी घातली. तिनं पुढचा सूर तसाच घेतला, आणि त्याच्या पुढचा. राग होता म्हणून ते गोड झालं नाही, आणि ते कधी गोड होतंच कुठं? मौनीनं मान वर केली आणि तिच्या सुरामागून, एक पाऊल मागे राहून वाजवू लागला. ती जागा संपली. आता भावानं शेवटचं कडवं उचलायचं होतं. त्यानं उचललं नाही. तो माईक धरून उभा होता, तोंड उघडलेलं, मान खाली. ती पुन्हा सुरुवातीला आली, सगळी जागा तिनं पुन्हा वाजवली आणि दार उघडून धरावं तसा शेवटचा सूर त्याच्यासाठी धरला. तो आत आला नाही. त्याचे खांदे हलत होते. कार्यक्रमात तो ओळ विसरला की ती तारांवरून हात न काढता त्याला ऐकू जाईल एवढ्या आवाजात पहिला शब्द टाकत असे, शाळेच्या स्नेहसंमेलनापासून टाकत आली होती, आणि तो शब्द झेलून तो असा गायचा की कुणाला पत्ता लागत नसे. आता तो वळला. नवा शर्ट पाठीला चिकटला होता, डोळे भरून वाहत होते, आणि त्याच्या चेहऱ्यावरून तिला कळलं की पायरीवर त्याचे कान झाकून तिनं गुणगुणलेलं सगळं त्याला आता ऐकू आलं आहे. वर्षं लागली, पण आलं. “ताई,” तो म्हणाला, माईकमधेच म्हणाला, सगळ्यांना ऐकू जाईल असं. “ताई, ओळ सांग.”

तिला ओळ पाठ होती. पण तिनं मान तारांवर झुकवली. तिचं अजून वाजवून व्हायचं होतं.